काडीकचऱ्यातून ऊर्जा : उष्णता आधी, वीज नंतर, यंत्र सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका उत्पादक गटाच्या आवाक्यात भातगिरणीचा तूस, शेतातला पेंढा, कपाशीच्या पऱ्हाट्या, नारळाच्या करवंट्या आणि लाकूडगिरणीचा भुसा-ढलपे असा मिळून वर्षाला सुमारे दोन हजार टन माल आहे. हवामान उष्ण, पाऊस चार-पाच महिने. यातून वीज करायची इच्छा आहे. गॅसिफायर (अपुऱ्या हवेत माल जाळून त्याचा जळाऊ गॅस करणारं यंत्र) घ्यावा, बॉयलर आणि टर्बाइन लावावे, बायोगॅस करावा, की पेलेट (माल दाबून केलेल्या बारीक कांड्या) करून विकावेत?

आधी यंत्र निवडून मग त्याला काय खायला घालायचं हे ठरवायला गेलात तर प्रकल्प दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडतो. क्रम उलटा ठेवा. जवळपास उष्णता कोणाला लागते ते शोधा, मग हातातला माल किती ओला आणि किती राखेचा आहे ते मोजा, मग तो वर्षभर कसा साठेल ते पाहा. एवढं झाल्यावर यंत्राची निवड जवळजवळ आपोआप होते.

उष्णतेवर एवढा भर का, ते आकड्यांतच दिसतं. दोन हजार टन मालाचा सरासरी ओलावा ३० टक्के धरला तर किलोमागे साधारण ११.५ मेगाजूल, म्हणजे २,७५० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता हाती लागते. एकूण २३,००० गिगाजूल, विजेच्या भाषेत सुमारे ६४ लाख युनिट. चांगल्या भट्टीत किंवा बॉयलरमध्ये यातली ७५ टक्के, म्हणजे ४८ लाख युनिट उष्णता कामाला येते. याच मालाची छोट्या संचातून वीज केली तर कार्यक्षमता १६ टक्क्यांच्या घरात राहते. हातात दहा लाख युनिट येतात आणि त्यातून पंखे, पंप, कुट्टीयंत्र, वाळवणी यांचा खर्च वजा जाता नऊ लाख उरतात. वर्षभर सतत चालणारा १०० किलोवॅटचा संच, बस. भात उकडणं, खोबरं वाळवणं, रबराचे तक्ते वाळवणं, गूळ, चहा, तंबाखू, मासळी, लाकूड पक्कं करणं, विटा भाजणं यांपैकी एखादा उद्योग शेजारी असेल आणि तो आज डिझेल, भट्टीतेल किंवा चोरटं लाकूड जाळत असेल, तर पहिला टन तिथे गेला पाहिजे. वीज करायचीच असेल तर इंजिनाची धुराड्यातून जाणारी उष्णतासुद्धा वाळवणीला वापरता येईल अशी जागा निवडा.

दोन हजार टनांतले खरे किती

कागदावरचा आकडा बहुतेक वेळा पिकाच्या उत्पादनावरून काढलेला असतो. एक टन भातामागे २०० किलो तूस आणि टन-दीड टन पेंढा, गिरणीत गेलेल्या ओंडक्याचा साधारण निम्मा भाग ढलपे, भुसा आणि साल. ही गुणोत्तरं ठीक आहेत, पण गिरणीवरचा माल आणि शेतातला माल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तूस, करवंट्या, भुसा, भुईमुगाची टरफलं हे आधीच एका जागी गोळा झालेलं असतं. पेंढा आणि पऱ्हाट्या पसरलेल्या असतात आणि पुढच्या पेरणीआधीच्या दोन-तीन आठवड्यांतच उचलाव्या लागतात. मोकळा पेंढा घनमीटरला ५० ते ६० किलोच भरतो. ३० घनमीटरच्या ट्रकमध्ये दोन टनही बसत नाही. ट्रक वजनाने नाही, हवेने भरतो. बेलर, म्हणजे पेंढा दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र, मिळत नसेल तर वाहतुकीचं अंतर शक्य तितकं आखूड ठेवा.

शिवाय सगळा पेंढा उचलायचा नसतो. उष्ण प्रदेशातल्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतात, आणि उघड्या जमिनीवर पहिल्या पावसाचा मार थेट बसतो. एक टन भाताच्या पेंढ्याबरोबर साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १५ ते २० किलो पालाश शेताबाहेर जातं. जाळल्यावर पालाश राखेत उरतं, नत्र हवेत जातं. म्हणून शेतातल्या मालाचा निम्माच भाग उपलब्ध धरावा, उतारावरच्या शेतात त्याहून कमी. राख परत शेतात गेली पाहिजे, हे माल घेतानाच ठरवून ठेवा.

आणखी एक वजावट लोक विसरतात. आज हा ‘कचरा’ कोणीतरी वापरतच असतो. जनावरांचा चारा, छपराचं शाकारण, गरीब घरातली चूल, आच्छादन. गावातल्या भूमिहीन बायका पऱ्हाट्या वेचून नेत असतील तर त्या पऱ्हाट्या तुमच्या हिशेबात नाहीत. फुकट मिळणारा तूसही प्रकल्प सुरू होताच फुकट राहत नाही, हे गृहीत धरूनच गणित मांडा.

जंगलातल्या मालाचे नियम थोडे वेगळे. तोडीनंतर पडलेल्या फांद्यांपैकी मनगटाएवढ्या आणि त्याहून जाड तेवढ्या घ्याव्यात. पानं आणि बोटाएवढ्या काड्या तिथेच सोडाव्यात, कारण अन्नद्रव्यं त्यांतच एकवटलेली असतात. फरपटत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती अडकते. ती चिपरची (लाकडाच्या चिप्स, म्हणजे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राची) पाती बोथट करते आणि राख वाढवते. रंग दिलेलं, प्लायचं किंवा तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचं औषध मारलेलं हिरवट लाकूड या साखळीत शिरता कामा नये. त्याची राख विषारी असते आणि ती शेतात टाकलीत तर विष पसरवल्यासारखंच होईल. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांसारख्या माजलेल्या झुडपांची तोड हा चांगला स्रोत आहे, फक्त घाणेरी बी धरण्याआधी तोडा, नाहीतर ट्रकच बी पेरत फिरतो.

ओलावा

या विषयात एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही. कोरड्या लाकडात किलोमागे १८.५ मेगाजूल असतात. २० टक्के ओलाव्याला हाती १४.३ उरतात, ५० टक्क्यांना फक्त ८. अर्धं पाणी असलेल्या मालात उष्णता निम्म्याहूनही कमी मिळते, कारण ते पाणी उकळवायलाही उष्णता खर्ची पडते. त्यात ज्योतीचं तापमान उतरतं, धूर वाढतो आणि गॅसिफायरमध्ये टार, म्हणजे धुरातला डांबरासारखा चिकट भाग, वाढतो.

ओलावा मोजताना एक गफलत वारंवार होते. काही जण पाण्याचं वजन ओल्या मालाच्या वजनाने भागतात, काही कोरड्या मालाच्या. पहिल्या पद्धतीचे ५० टक्के म्हणजे दुसऱ्या पद्धतीचे १०० टक्के. लाकूडवाले बहुधा दुसरी पद्धत वापरतात, बॉयलरवाले पहिली. करारात कोणती ते लिहा. या लेखातले सगळे आकडे ओल्या वजनावरचे आहेत. मोजणी अवघड नाही. गंजीच्या वरून, आतून, खालून असे दहा-बारा ठिकाणचे नमुने एकत्र करा, बारीक करून २०० ग्रॅम घ्या, १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, सहसा रात्रभर. दोन टोकदार काट्यांचं हातातलं मीटर नगभर लाकडाला चालतं, भुशाला आणि तुसाला नाही.

पावसाळ्यात काय होतं ते पाहा. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत, एक थेंबही न पडता, लाकूड हवेतून ओल शोषत २० टक्क्यांपर्यंत जातं. गॅसिफायरची कमाल मर्यादाही तीच. म्हणजे शेडमध्ये नीट ठेवलेला मालही ऑगस्टसारख्या महिन्यात काठावर उभा असतो आणि गळक्या छपराखालचा तर काठ ओलांडून गेलेला असतो. म्हणून वाळवणीयंत्र ही चैन नाही. एक टन माल ५० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणायचा तर ४१२ किलो पाणी उडवावं लागतं आणि ५८८ किलो माल उरतो. साध्या वाळवणीत पाण्याच्या किलोमागे ४ मेगाजूल धरले तर सुमारे ११० किलो वाळलेलं इंधन त्यातच जातं. इंजिनाच्या धुराची किंवा बॉयलरच्या धुराड्याची उष्णता वापरली तर ते वाचतं. धूर थेट सोडायचा असेल तर त्यात ताजी हवा मिसळून तो १२० अंशांच्या आत आणा आणि वाटेत ठिणगी अडवणारी व्यवस्था ठेवा. वाळवणीतल्या आगी बहुतेक वेळा ठिणगीने लागतात.

उन्हाळ्यातलं ऊन मात्र फुकट आहे. पऱ्हाट्या, फांद्या तोडल्यावर पानांसकट तीन-चार आठवडे उभ्या रचून ठेवल्या तर पानं स्वतःच खोडातलं पाणी ओढून उडवतात. आधी चिप करून ढीग घातला तर तो आतून तापतो. ओल्या चिप्सचा किंवा चिपाडाचा ढीग ६०-७० अंशांपर्यंत तापतो, कुजतो, महिन्याला काही टक्के सुका माल गमावतो आणि कधी पेटतोही. ढीग चार मीटरच्या आत ठेवा, वर ट्रॅक्टर चढवून दाबू नका, ओला आणि कोरडा माल एकाच ढिगात मिसळू नका. लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग त्याच दिवशी फोडा.

साठवणीच्या जागेचं गणित सगळ्यांना धक्का देतं. १०० किलोवॅटचा संच दिवसाला सोळा तास चालवला तर रोज सव्वादोन टन इंधन लागतं, पावसाळ्याच्या १२० दिवसांना २७० टन. कुट्टी केलेल्या पऱ्हाट्या घनमीटरला १०० किलो धरल्या तर २,७०० घनमीटरची शेड लागेल. त्याच दाबून त्यांच्या ब्रिकेट, म्हणजे जाड घट्ट कांड्या, केल्या तर ५०० घनमीटरमध्ये काम भागतं. ब्रिकेट विकायच्या नसल्या तरी त्या कराव्या लागतात, त्या शेडसाठी. फरशी जमिनीपासून हातभर उंच, छपराच्या वळचणी लांब, भिंतीपासून मीटरभर मोकळी जागा, आणि जुना माल आधी निघेल अशी दोन्हीकडून वाट.

राख

राखेचं प्रमाण आणि तिचा स्वभाव, दोन्ही पाहायचे. करवंटी आणि साल काढलेलं लाकूड एका टक्क्याच्या आसपास, मक्याची बुरकुंडं एक-दोन, पऱ्हाट्या तीन ते सहा, उसाचं पाचट चार ते आठ, भाताचा पेंढा बारा ते अठरा आणि तूस पंधरा ते वीस टक्के. तुसाची राख प्रमाणाने सगळ्यात जास्त, पण ती जवळजवळ सगळी सिलिका असते. पोटॅशियम कमी असल्याने ती सहसा वितळत नाही. पेंढ्यात मात्र सिलिकाबरोबर पोटॅशियम भरपूर. ही जोडी ८०० अंशांच्याही खाली वितळायला लागते आणि जाळीवर काचेसारखा खंगर धरतो. हवेची भोकं बुजतात, मग कामगार पहार घेऊन ठोकत बसतो. त्यात क्लोरीनची भर पडली की बॉयलरच्या वाफ तापवणाऱ्या नळ्यांवर क्षारांचा थर बसून धातू खाल्ला जातो. नळ्यांना भोक पडलं की दोष पाण्याला दिला जातो, पण कारण बाहेरच्या बाजूला असतं.

पेंढ्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. कापणीनंतर शेतात पडलेल्या पेंढ्यावर एक-दोन चांगल्या सरी येऊन गेल्या आणि मग तो वाळवून उचलला, तर पोटॅशियम आणि क्लोरीनचा मोठा भाग धुऊन जमिनीतच परत जातो. सोनेरी पेंढ्यापेक्षा करडा पडलेला पेंढा भट्टीला चांगला. चाऱ्याचा हिशेब इथे बरोबर उलटा असतो, त्यामुळे शेतकऱ्याला हे पटवायला वेळ लागतो.

तुसाच्या बाबतीत तापमान फार चढू देऊ नका. मंद आचेवर जळलेल्या तुसाची राख निराकार सिलिका असते आणि सिमेंटमध्ये मिसळायला उत्तम. भट्टी फार तापली तर सिलिका स्फटिक होते, तिचा उपयोग घटतो आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. राख काढणाऱ्याला तोंडावर नुसता रुमाल पुरत नाही, धुळीचा मुखवटा द्या आणि राख ओली करूनच हलवा.

कोणता माल कुठे

तूस भातगिरणीतच जाळावा. उकड्या तांदळाला वाफ लागते, तूस तिथेच पडतो, वाहतूक शून्य. एक किलो तुसातून साधारण तीन-साडेतीन किलो वाफ निघते. करवंट्या, बुरकुंडं, लाकडाचे ढलपे हे गॅसिफायरचं अन्न. कोळसा करायचा झाला तरी करवंटीसारखा माल नाही. पऱ्हाट्या आणि भुसा ब्रिकेटला. पेंढा शेवटी, आणि तोही शक्यतो ब्रिकेट करून, दुसऱ्या मालात मिसळूनच. शेण, फळांचा चोथा, तेलगिरणीचं सांडपाणी, भाजीपाल्याची घाण हा जो ओला, मऊ माल असतो तो पाचकाला, म्हणजे बायोगॅसच्या बंद टाकीला. लाकूड पाचकात घालू नये. लिग्निन हवेविना जगणाऱ्या जीवाणूंना पचत नाही.

बायोगॅसचं एवढंच सांगतो. उष्ण प्रदेशात पाचक तापवावा लागत नाही, ३० ते ३८ अंश हवेतच मिळतात, हा थंड देशांना नसलेला फायदा. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस, त्यातून दीड ते दोन युनिट वीज. पाम तेलगिरणीच्या सांडपाण्याच्या एका घनमीटरमधून २८ घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणून तिथे पाचक नसणं हाच गुन्हा आहे: उघड्या तलावातून तोच मिथेन हवेत जातो. कार्बन-नत्र गुणोत्तर २० ते ३० ठेवा. पेंढ्याचं ७० च्या पुढे असतं, त्यामुळे तो शेणाबरोबर थोडाथोडाच द्यावा, दोन सेंटिमीटरपेक्षा बारीक कापून आणि आधी भिजवून. नाहीतर तो वर तरंगतो, त्याची जाड साय धरते आणि गॅस अडकतो. फळांचा चोथा एकदम जास्त टाकला तर आम्ल वाढतं. पीएच ६.८ च्या खाली गेला की भरणं थांबवा, चुना ओतत बसू नका. इंजिनाला गॅस देण्याआधी लोखंडाच्या गंजलेल्या किसाच्या थरातून न्या, नाहीतर हायड्रोजन सल्फाइड बेअरिंग खातो.

वाफेच्या टर्बाइनला दोन हजार टन पुरत नाहीत. एक-दोन मेगावॅटच्या खाली ती मशिनरी इंधन खाते आणि वीज देत नाही. ती साखर कारखान्यासारख्या जागी शोभते, जिथे टर्बाइनमधून निघालेली वाफच रस आटवायला वापरतात. तिथेही हंगामाचा प्रश्न सुटत नाही. रीयुनियन बेटावरचं ब्वा-रूजचं केंद्र १९९२ साली सुरू झालं ते चिपाड आणि दगडी कोळसा अशा दोन्हींवर: गाळप संपलं की कोळसा जळायचा. वर्षभराच्या इंधनाचं उत्तर आधी नसेल तर ‘हरित’ प्रकल्प सहा महिने कोळशावर चालतो.

गॅसिफायर घेतलाच तर

१०० किलोवॅटपर्यंतच्या विजेला खालच्या दिशेने गॅस ओढणारा, म्हणजे डाउनड्राफ्ट गॅसिफायर हाच व्यवहार्य पर्याय. वर गॅस काढणाऱ्या प्रकारात टार शंभरपट असतो, तो फक्त भट्टीला जोडावा. डाउनड्राफ्टमध्ये माल वाळतो, मग कोळसतो, मग १,००० अंशांच्या वरच्या थरातून त्याचा धूर ओढला जातो आणि टार तिथे फुटतो. हा तप्त थर शाबूत राहणं यावरच सगळं अवलंबून आहे. एक किलो कोरड्या लाकडातून दोन ते अडीच घनमीटर गॅस, उष्णता घनमीटरला ५ मेगाजूलच्या आसपास. लाकडाचं इंधन युनिटला १.१ ते १.४ किलो, तुसाचं दोन किलोच्या आसपास.

गळा (आतला अरुंद होणारा भाग) असलेल्या गॅसिफायरला २० ते ५० मिलिमीटरचे, साधारण सारख्या आकाराचे तुकडे हवेत. भुसा आणि तूस त्यात चालत नाही, तुसाला सरळ नळकांड्याचा, गळा नसलेला वेगळा गॅसिफायर असतो. लांब काड्या हॉपरमध्ये (वरच्या माल भरायच्या टाकीत) एकमेकींत अडकून कमान धरतात. खाली पोकळी होते, वरचा माल अचानक कोसळतो, तप्त थर मोडतो आणि पुढची दहा मिनिटं टार थेट इंजिनात. याची चाहूल दाबावरून लागते. थराच्या वर-खाली आणि फिल्टरच्या आधी-नंतर पाण्याच्या यू-नळ्या बसवा. थरावरचा फरक हळूहळू वाढतोय म्हणजे जाळी राखेने बुजतेय, ती हलवा. एकदम पडला म्हणजे कमान धरली किंवा एका बाजूने वाट पडली, वरून सळईने मोकळं करा. दर अर्ध्या तासाला नोंदवही, महागड्या सेन्सरपेक्षा कामाची.

सुरू करताना गॅस पंधरा-वीस मिनिटं ज्योतीच्या नळीवर जाळा. ज्योत धूर न सोडता स्थिर झाली की पांढऱ्या फिल्टर कागदातून थोडा गॅस खेचून बघा. पिवळट-तपकिरी चिकट डाग म्हणजे टार, नुसता काळा कोरडा डाग म्हणजे धूळ. टारचा डाग असताना इंजिनाकडे वळवू नका. इंजिनाला घनमीटरमागे टार १०० मिलिग्रॅमच्या आणि धूळ ५० मिलिग्रॅमच्या आत हवी, आणि गॅस ४० अंशांपर्यंत थंड. संध्याकाळी बंद केलेलं इंजिन सकाळी फिरत नसेल तर बहुतेक वेळा इनलेट व्हॉल्व्ह टारने चिकटलेले असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘पुढे लागेल’ म्हणून मोठा गॅसिफायर घेणं. क्षमतेच्या निम्म्याखाली चालवला की तप्त थर थंडावतो आणि टार वाढतो. दिवसाचा भार ३० आणि संध्याकाळचा ८० किलोवॅट असेल तर ४० चे दोन घ्या. डिझेल इंजिनात दोन्ही इंधनं एकत्र वापरली तर ६० ते ७५ टक्के डिझेल वाचतं. पूर्ण गॅसवरच्या इंजिनाची ताकद तीसेक टक्क्यांनी तरी उतरते, पाटीवरचा आकडा धरू नका. गॅस धुतलेलं पाणी फिनॉलमुळे विषारी असतं. ते बंद चक्रात फिरवा, साका गॅसिफायरमध्येच परत जाळा, ओढ्यात सोडू नका. कोरडे फिल्टर शक्य असतील तर त्यांनाच प्राधान्य द्या: वर करवंटीचे तुकडे, मग भुसा, शेवटी कापडी पिशवी. वापरून झालेला भुसा पुन्हा इंधनच.

या गॅसमध्ये २० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, आणि हवेत ०.१२ टक्के झाला तरी जिवाला धोका. गॅसिफायर चारी बाजूंनी उघड्या शेडमध्येच ठेवा, त्या शेडखाली झोपायला खोली नको, राखेचं दार उघडताना दोन माणसं आणि छातीवर अलार्म. डोकं दुखायला लागणं हीच पहिली खूण, आणि ती ‘उन्हाने झालं’ म्हणून सोडली जाते.

ब्रिकेट आणि पेलेट

दोन्हींत माल स्वतःच्याच लिग्निनने धरतो, चिकट घालावं लागत नाही, पण ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या पट्ट्यात हवा. कमी असेल तर भुगा होतो, जास्त असेल तर आत वाफ कोंडून कांडी तडकते, कधी डायमधून (माल दाबला जातो त्या साच्यातून) फटाका वाजल्यासारखी उडते. पिस्टन प्रेसला जाडसर माल चालतो आणि दुरुस्ती गावात होते. पेलेटला ३ ते ६ मिलिमीटरपर्यंत बारीक दळावं लागतं आणि दळणासकट टनाला १०० युनिटच्या आसपास वीज जाते. तूस आणि पेंढ्यातली सिलिका स्क्रू आणि डाय झिजवते, म्हणून शुद्ध तुसाची ब्रिकेट करण्याऐवजी भुसा किंवा पऱ्हाट्या मिसळा. डायमधून ८०-९० अंशांवर निघालेले पेलेट थंड होण्याआधी पोत्यात भरले तर घामेजून फुगतात. दमट हवेत पोतं आतून प्लास्टिकचं हवंच, भिजलेला पेलेट परत भुसाच होतो.

कोळसा करायचा असेल तर मातीचा ढीग घालून नका करू. त्यात दहा ते वीस टक्केच कोळसा हाती येतो आणि उरलेलं धुरातून, मिथेनसकट, जातं. धूर परत भट्टीखाली जाळणारा बंद रिटॉर्ट २५ ते ३५ टक्के देतो आणि जास्तीच्या उष्णतेवर पुढचा घाणा वाळतो.

या दोन हजार टनांवर माझा कौल असा: तूस गिरणीच्या वाफेला, पऱ्हाट्या-भुशाच्या ब्रिकेट शेजारच्या भट्ट्यांना, करवंट्या आणि ढलप्यांवर ४० किलोवॅटचा एक गॅसिफायर, त्याच्या धुरावर ब्रिकेटच्या मालाची वाळवणी. दुसरा गॅसिफायर एक पूर्ण पावसाळा पार पडल्यावर.

विक्रेत्याशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्या. युनिटमागचं इंधन कोणत्या ओलाव्याला आणि कोणत्या पद्धतीने मोजलं, वीज एकूण सांगितली आहे की पंखे-पंपांचा खर्च वजा करून, आणि कमी भाराला टार किती. चाचणी त्याच्या निवडक बाभळीच्या ठोकळ्यांवर न घेता तुमच्या गंजीच्या तळातल्या मालावर, सलग १०० तास, शक्यतो पावसात घ्या. शेवटच्या दिवशी इंजिनाचं डोकं उघडून व्हॉल्व्हचे दांडे पुसून बघा, मगच उरलेली रक्कम द्या.